अंधाऱ्या बाजूची टिकटिक

प्रिय बाणाबाई,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. तू मोठी बाई झालीस, हाताखाली बारा माणसं आहेत, असं फायलीभाऊ सांगत होते. कार्यालयातले आपले फायलीभाऊ आहेत तसेच आहेत. कागद सापडत नाही म्हणून आधी सगळं कार्यालय डोक्यावर घेतात आणि मग स्वतःच्याच बुडाखालून काढून देतात. त्यांनीच सांगितलं की आपल्या विभागाने तुला प्रकाशाच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलंय, पत्र गेलं, मागोमाग दोन स्मरणपत्रं गेली, आणि तुझ्याकडून हो नाही की नाही नाही. विभागात तर्कांना नुसता ऊत आलाय. कोणी म्हणतं तिला तिकडे जास्त मान आहे, कोणी म्हणतं तिच्या मनात इथला जुना राग आहे. मी आपली ऐकून घेते. मी काही तुला 'ये' म्हणायला हे पत्र लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. गेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला मी निवृत्त झाले, आता मला विभागाचं काय पडलंय! मला लिहायचंय ते एका पानाबद्दल.

कुठलं पान ते तुला कळलंच असेल. तळघरातल्या काळोख्या खोलीतल्या नोंदवहीचं, बावीस वर्षांपूर्वीचं. त्यावर तुझ्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलंय, 'दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मांडणीला धक्का लागला. निष्काळजीपणा माझा.' आणि खाली तुझी सही. त्या दोन वाक्यांनी तुझं एक अख्खं वर्ष खाल्लं. विभागाचे तेव्हाचे प्रमुख, आपले सर, तुझं नाव त्या मोठ्या प्रयोगशाळेसाठी पाठवणार होते, ते त्यांनी पाठवलं नाही. तुझ्याऐवजी तुझ्याबरोबर काम करणारा तो टायवाला गेला आणि सहा महिन्यांत तू आपला विभागच सोडलास. धक्का तुझा नव्हता, माझा होता. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि तरी आपण दोघी दर नव्या वर्षाला एकमेकींना शुभेच्छा पाठवत राहिलो, जसं काही घडलंच नाही. त्या वहीचे नियम तुला अजून पाठ असतील. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, खाली खरं काय ते लिहायचं आणि ज्याची मूळ नोंद त्याने सही करायची. आणि वही खोलीबाहेर न्यायची नाही, मग सर असोत नाहीतर सरांचे सर.

तुला बरंचसं माहीत आहे, तरी मी सगळं लिहिणार आहे, कारण माझ्या तोंडून ते तू कधीच ऐकलेलं नाहीस. मी तिथे शिपाई म्हणून लागले तेव्हा माझ्या लेकीचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. लेक तिसरीत. नोकरी कच्ची, सहा-सहा महिन्यांची, दर वेळी सरांच्या मेजावर कागद जायचा आणि त्यावर सही होईपर्यंत माझा जीव टांगणीला. पहिल्या दिवशी सर म्हणाले, मावशी, इथे बाकीचे सगळे उजेडावर काम करतात, तुम्ही काळोखावर करा. मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच तेच काम होतं. दाराला काळे पडदे शिवले, एक नाही, दोन. कुलपाच्या भोकात काळी लोकर कोंबली. आत दहा मिनिटं डोळे उघडे ठेवून बसायचं, म्हणजे उजेड कुठून चोरपावलांनी येतो ते आपोआप दिसतं, आणि मग तिथे ठिगळ. उरलेला वेळ दाराबाहेर स्टुलावर बसून राहायचं आणि कोणाला आत जाऊ द्यायचं नाही. दारावर पाटी होतीच, परवानगीशिवाय आत जाणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात येईल. ती पाटी पुसायचं कामही माझंच.

चार वर्षं मी त्या दाराबाहेर बसले आणि आत काय चालतं ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय, असं एकदा ठरवलं की न कळण्याचा त्रास होत नाही. मग तू आलीस. तुझी मोजणी तासन्‌तास चालायची आणि तुझ्या तोंडाला तेवढा वेळ कुलूप घालणं देवालाही जमलं नसतं. काही महिन्यांनी एके दिवशी तू व्हरांड्यातल्या बंद पडलेल्या घड्याळाचे दोन्ही काटे उपटून आणलेस आणि माझ्या स्टुलाशेजारी फरशीवर बसलीस. त्याच्या आधी तू बाण काढत होतीस ते माझ्या हजेरीच्या कागदावर, कपाखालच्या चकतीवर, स्वतःच्या मनगटावर. म्हणून तू बाणाबाई आणि मी काळोखमावशी.

तू सांगितलेलं मी आजही जसंच्या तसं सांगू शकते, ऐक. आत एक दिवा आहे, इतका मंद की त्यातून निघालेला प्रकाशाचा एक कण पोचतो तेव्हा दुसरा निघालेलाही नसतो. समोर अर्धा आरसा. कण त्यातून आरपार तरी जातो नाहीतर वळतो तरी. पुढे दोन वाटा, दोन साधे आरसे, आणि दोन्ही वाटा परत एका अर्ध्या आरशावर भेटतात. त्याच्या पलीकडे दोन बाजूंना दोन मोजयंत्रं. कण आला की टिक. कधी अर्धी टिक नाही, कधी दोन्हीकडे एकदम टिक नाही. मी म्हटलं, यात काय मोठंसं, निम्मे इकडे जातील, निम्मे तिकडे. तू म्हणालीस, एक वाट हाताने बंद केली तर शंभरातले पंचवीस या बाजूला आणि पंचवीस त्या बाजूला, पन्नास हातावरच अडतात. दुसरी वाट बंद केली तरी तेच. आता दोन्ही उघडल्या तर? मी बोटांवर मोजून म्हटलं, पन्नास आणि पन्नास. तू जी हसलीस! म्हणालीस, शंभर आणि शून्य. एका बाजूला सगळे, दुसऱ्या बाजूला एकही नाही. मला वाटलं, शिकून शिकून या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन्ही दारं उघडी ठेवली तर पाहुणा येत नाही आणि एक लावून घेतलं की येतो, असं कुठे असतं का?

मग तू काटे काढलेस. म्हणालीस, कणाबरोबर एक बाण चालतो. अर्ध्या आरशावर वळला की बाण चतकोर वळण घेतो, आरपार गेला की घेत नाही. या चतकोर वळणालाच शिकलेले लोक काल्पनिक संख्या म्हणतात. दोनदा चतकोर वळलं की माणसाची पाठ फिरते, ते झालं उणे एक. यावर मी काय म्हटलं होतं आठवतं? ही संख्या नावाला काल्पनिक आणि काम करते खरं, आपल्या विभागात माणसं खरी आहेत आणि काम करतात काल्पनिक. तू फरशीवर आडवी पडून हसलीस आणि फायलीभाऊ डोकावून गेले. एका बाजूला पोचताना दोन्ही वाटांचे बाण एकेकदाच वळलेले, म्हणून दोघं एका दिशेला. दुसऱ्या बाजूला एका वाटेचा बाण दोनदा वळलेला, दुसऱ्या वाटेचा एकदाही नाही, म्हणून दोघं पाठमोरे. आधी बाण जोडायचे, मगच जो उरेल त्याला त्याच्याशीच गुणायचं, ती झाली शक्यता. पाठमोरे जोडले की शून्य. एका दिशेचे जोडले की दुप्पट लांब आणि गुणून चौपट. पंचवीसचे शंभर झाले की नाही? मी ते दोन काटे जोडून, उलटे करून, परत जोडून पाहिले. कण कुठल्या वाटेने गेला हे कोणी बघितलं तर बाण जोडता येत नाहीत, मग माझे पन्नास-पन्नास बरोबर. म्हणून काळोख इतका जपायचा का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, नाही मावशी, काळोख जपायचा तो बाहेरचा उजेड मोजणीत घुसू नये म्हणून, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिपाईबाईला काय कळतंय म्हणून तू 'हो' म्हणून मोकळी झाली नाहीस. माझी चूक तू मला चूक म्हणून सांगितलीस. मला तोवर इतकं कोणी मोजलं नव्हतं.

त्यानंतर चौथा का पाचवा दिवस असेल. तुझी शेवटची मोठी मोजणी, सकाळपासून चालू. चारला सरांनी तुला वर त्यांच्या खोलीत बोलावलं. तू मला म्हणालीस, मावशी, दार सांभाळा. मी सांभाळत होते. आतून एका बाजूची टिकटिक येत होती, दुसरी, आपण अंधारी म्हणायचो ती बाजू गप्प. आणि माझ्या मनात आलं, माझा हात मध्ये गेला तर ती गप्प बाजू खरंच बोलेल का? शपथेवर सांगते, तोवर मी त्या खोलीत न विचारता पाऊल टाकलं नव्हतं. पहिला पडदा मागे नीट सोडला, मग दुसरा बाजूला केला, उजेडाचा धागाही आत येऊ दिला नाही. ती खोली मला अंधारातच जास्त ओळखीची. वाट कुठून जाते ते तू बाहेर फरशीवर खडूने काढून दाखवलं होतंस. मी हात पुढे केला. आणि अंधारी बाजू बोलायला लागली. टिक, टिक, टिक. हात काढला, गप्प. परत घातला, परत टिकटिक. बाणाबाई, मी अडतीस वर्षांची होते आणि त्या काळोखात लहान पोरीसारखी तोंडावर पदर दाबून हसत होते. मी अडवलं म्हणून ते येत होते! सांगून ऐकलेलं वेगळं आणि आपल्या हाताने केलेलं वेगळं.

शेवटचा हात काढताना कोपर आरशाच्या दांडीला लागलं. अगदी पुसटसं. पण तूच सांगितलं होतंस, केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाइतका फरक पडला तरी बाण फिरतो. हात बाहेर, दोन्ही वाटा मोकळ्या, आणि अंधारी बाजू थांबेना. दुसरी गप्प झाली. मी बाहेर येऊन स्टुलावर बसले. तू आलीस, आत गेलीस, बराच वेळ आत होतीस. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात मोजणीच्या आलेखाची पट्टी होती. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, काही विचारलं नाहीस, आणि परत आत जाऊन ती नोंद लिहिलीस. मग सर आले. त्यांचा आवाज दोन पडद्यांमधूनही स्पष्ट येत होता. माझ्या नोकरीचा कागद त्या आठवड्यात त्यांच्या मेजावर होता. मी सहा पावलांवर बसले होते आणि माझं तोंड उघडलं नाही. मी नंतर स्वतःची पुष्कळ समजूत काढली, लेक लहान होती, घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं. ते सगळं खरंच होतं. तरी तोंड उघडलं नाही, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस आणि पडदा बाजूला करता करता एवढंच विचारलंस, "मावशी, ऐकू आलं?" मी म्हटलं, "आलं." तू म्हणालीस, "छान वाटतं ना?" आणि आत निघून गेलीस. तुझ्या आवाजात राग शोधायला मी किती वर्षं ते चार शब्द मनात उलटेपालटे केलेत, सापडला नाही. तुला कसं कळलं हे मात्र मला उमगलं नव्हतं.

त्यानंतर चार महिन्यांनी मी पक्की झाले. माझी लेक शिकली, आज ती रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे. तिच्या हातून बाळाला सुई टोचली जाते तेव्हा आया सांगतात की कळलंसुद्धा नाही. तिला मी तुझी गोष्ट तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितली. ती म्हणाली, आई, तू त्यांना हे सांगितलंस का? मी म्हटलं, त्यांना माहीत आहे. ती म्हणाली, ते वेगळं. माझीच पोर, मला शहाणपण शिकवते, आणि वर बरोबर शिकवते.

निवृत्तीच्या निरोपाला सगळ्यांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, आणि मला ते जमलं नाही. धन्यवाद म्हणून खाली बसले. मग दुसऱ्या दिवशी तडक सरांच्या घरी गेले. सर आता चौऱ्याऐंशीचे आहेत. कानातलं यंत्र नीट बसवून त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, मावशी, मला माहीत आहे. मी विचारलं, कसं? म्हणाले, चार वाजून दहा मिनिटांनी ती पोरगी माझ्यासमोर बसून चहा पीत होती, ती धक्का कशी मारेल? आणि आलेखाच्या पट्टीवर धक्क्याच्या आधी अंधाऱ्या बाजूला पाच उंचवटे होते, एकसारखे, मध्ये सारखं अंतर. मांजर शिरलं असतं तर एकदाच धडकून पळालं असतं. पाच वेळा हात घालून पाच वेळा काढणारा माणूस खात्री करून घेत असतो. तेव्हा मला समजलं, तुला कसं कळलं ते. तू त्या पट्टीवर माझा हात वाचला होतास.

मी विचारलं, सर, मग शिक्षा तिला का? म्हणाले, धक्का कोणाचाही लागतो, पण तिने वहीत खोटं लिहिलं, त्याचा मला राग आला. वाट बघत होतो, की स्वतः येऊन दुरुस्त करेल. तिने केलं नाही, आणि मी बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती, म्हणून मीही गप्प बसलो. तिच्या खोट्याची शिक्षा मी तिला दिली, माझ्या गप्प बसण्याची मला कोणी दिली नाही. बघ म्हणजे, तिघं शहाणे, तिघांनाही ठाऊक, आणि बावीस वर्षं कोणाच्या तोंडून एक अक्षर नाही. सरांचे डोळे भरले होते. माझे तर केव्हाच.

गेल्या मंगळवारी सर काठी टेकत विभागात आले. तळघराच्या एकोणीस पायऱ्या ते चार जागी थांबून उतरले, फायलीभाऊंनी हात धरायला बघितला तर त्यांच्यावरच खेकसले. खोलीतल्या लाल दिव्यात मी वही उघडली. तुझ्या ओळींवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'धक्का माझ्या कोपराचा. परवानगीशिवाय आत गेले होते.' सही केली. पानाच्या मागे तुझी ती पट्टी तू डकवून ठेवली होतीस, पाच उंचवट्यांसकट. इतकी वर्षं मी ती वही पुसली आणि पान उलटून कधी बघितलं नाही. सरांनी पट्टी भिंगातून पाहिली, माझ्याकडून पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली लिहिलं, 'धक्क्यापूर्वीचा प्रयोगही यांचाच. निष्कर्ष बरोबर आहे.' बाणाबाई, मला पुष्कळ जणांनी पुष्कळ दिलं, पण माझ्या नावापुढे 'प्रयोग' हा शब्द कोणी लिहिला नव्हता. त्याचं मूळ तू आहेस. तू शेजारी फरशीवर बसलीस म्हणून मला तो हात पुढे करावासा वाटला, आणि माझा हात तू कोणाला दिसू दिला नाहीस म्हणून माझं घर उभं राहिलं. तुझे आभार मी त्या दिवशीच मानायला हवे होते, ते आज मानते. मनापासून, पोरी, अगदी मनापासून.

आता खरं सांगते, पत्राच्या सुरुवातीला मी थोडं खोटं बोलले. मला वाटतं, तू उत्तर देत नाहीस ते रागाने नाही. ज्या वहीत आपण एकदाच खोटं लिहिलं, त्या वहीची मालकीण होऊन बसणं तुला जड जात असणार. तुला मी थोडीफार ओळखते. म्हणून ते पान दुरुस्त केलं. पण नियम तुला माहीत आहे, मूळ नोंद जिची तिची सही झाल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. माझी सही झाली, सरांची झाली, खालची जागा रिकामी आहे. आणि वही काही खोलीबाहेर जात नाही. सर म्हणतात, तिला सांगा, मला फार थांबता येणार नाही. पडदे मी निघताना दोन्ही नवे शिवून ठेवलेत.

तुझीच,
काळोखमावशी